शिडाच्या होडीत बॅटरी कुठे बसवावी?

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये इन्व्हर्टरची बॅटरी कुठे असेल, हे घर न पाहताही सांगता येतं. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या बाजूला, नाही तर दारामागे चपलांच्या रॅकशेजारी. ती जागा कुणी विचार करून ठरवलेली नसते. घर लावून झाल्यावर जो कोपरा उरला, तो बॅटरीच्या वाट्याला येतो. आणि हे खपूनही जातं, कारण घर कलंडत नाही, उलटं होत नाही आणि त्यात खारं पाणी शिरत नाही. दीडशे एएचची, ॲसिडसकट पंचावन्न-साठ किलो वजनाची ट्युब्युलर बॅटरी एकदा ढकलली की पाणी भरण्यापुरती तिची आठवण काढली तरी चालतं.

लांब पल्ल्याच्या शिडाच्या होडीत मात्र उरलेल्या कोपऱ्यात बॅटरी टाकली, तर त्याची किंमत तिच्या आयुष्यात, होडीच्या चालीत आणि क्वचित माणसाच्या जिवात मोजावी लागते. होडीत बॅटरीला किमान सहा गोष्टी हव्या असतात: ती खाली हवी, मध्यावर हवी, कोरडी हवी, थंड हवी, हवेशीर हवी आणि हाताशी हवी. या सहाही गोष्टी पुरवणारी जागा बहुतेक होड्यांत नसतेच. त्यामुळे जागा निवडायची म्हणजे कोणत्या गोष्टीवर तडजोड चालेल आणि कोणत्या गोष्टीवर नाही, हे क्रमाने ठरवायचं.

शिडाच्या होडीला वीज कशाला?

खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे कॅडेट ज्या छोट्या होड्यांवर शीड हाताळायला शिकतात, त्यांना बॅटरी लागत नाही. वारा, शीड, सुकाणू आणि माणूस एवढ्यावर त्यांचं भागतं. पण रात्रंदिवस चालणारी, माणसं जिच्यात राहतात आणि झोपतात, अशी होडी वेगळी. तिला डोलकाठीवरचे दिवे लागतात, जीपीएस आणि नकाशाचा पडदा लागतो, व्हीएचएफ रेडिओ आणि आसपासची जहाजं दाखवणारी एआयएस यंत्रणा लागते. पाणी उपसायचा पंप लागतो, बहुधा फ्रीज असतो. सर्वांत मोठा खादाड म्हणजे ऑटोपायलट. माणूस झोपला असताना सुकाणू धरणारं हे यंत्र चोवीस तास वीज ओढतं.

मराठी वाचकाला जवळचं उदाहरण 'म्हादेई'चं. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये ही साधारण १७ मीटर लांबीची होडी बांधली गेली. आराखडा नेदरलँड्सच्या व्हॅन डे स्टाट कंपनीचा होता. फेब्रुवारी २००९मध्ये ती नौदलात दाखल झाली. ऑगस्ट २००९मध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकटे निघाले आणि चार बंदरांत थांबून मे २०१०मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात अभिलाष टॉमी यांनी त्याच होडीतून कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली. त्याच शिपयार्डच्या 'तारिणी'तून सहा महिला नौदल अधिकारी २०१७-१८मध्ये जगाला वळसा घालून आल्या. त्याआधी, १९८५ ते १९८७ या काळात, लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरच्या अधिकाऱ्यांनी 'तृष्णा' या ३७ फुटी होडीतून ही प्रदक्षिणा केली होती. त्या कोअरचं सीएमई हे कॉलेज पुण्यात दापोडीला आहे. अशा सफरींत आठवडेच्या आठवडे किनाऱ्यावरची वीज मिळत नाही. रोज लागणारी वीज सौरपत्रे, पवनचक्की किंवा इंजिन यांतून रोजच मिळवायची आणि बॅटरीत साठवायची. दक्षिण महासागरात सूर्य अनेक दिवस ढगांआड राहिला तर साठाच उपयोगी पडतो.

आधी हिशेब, मग जागा

किती बॅटरी लागणार हे माहीत नसताना जागा शोधण्यात अर्थ नाही. समजा, होडी ११ मीटर लांबीची आणि ६ टन वजनाची आहे, वीज १२ व्होल्टची आहे. ऑटोपायलट सरासरी ३ अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला ७२ एएच (अँपिअर-तास). फ्रीजचा कॉम्प्रेसर साडेचार अँपिअर घेत निम्मा वेळ चालतो: ५४. नकाशाचा पडदा, एआयएस, रेडिओ आणि इतर उपकरणं मिळून दीड अँपिअर: ३६. एलईडी दिवे १०. बेरीज १७२ एएच.

शिशाची, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करत राहिलं तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून दुप्पट क्षमता आणि वर थोडी शिल्लक धरून ४०० एएच. शंभर एएचची एक बॅटरी साधारण ३० किलोची, म्हणजे एकूण १२० किलो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८०-८५ टक्के वापरता येते, त्यामुळे तीच गरज साधारण २०० एएचमध्ये भागते आणि वजन भरतं सुमारे २५ किलो. जागेचा प्रश्न या दोन वाटांवर दोन वेगळी रूपं घेतो. आधी शिशाची वाट पाहू, कारण तिच्यात सगळ्या अडचणी एकत्र भेटतात.

वजन: खाली आणि मध्यावर

१२० किलो म्हणजे दोन धडधाकट माणसं. ही माणसं कधीच उठत नाहीत, वाऱ्याच्या बाजूला सरकून बसत नाहीत. त्यांना एकदा बसवलं की बसवलं.

ही दोन माणसं मध्यरेषेपासून एक मीटर उजवीकडे बसवली तर ६ टनांची होडी त्या बाजूला साधारण एक अंशाने कायमची कलते. एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण ओट्यावरचं पाणी एका बाजूला साचतं, आणि वारा एका बाजूने आला की होडी जास्त झुकते, दुसऱ्या बाजूने आला की कमी. तेच वजन एक मीटर वर नेलं तर होडीचा गुरुत्वमध्य दोन सेंटिमीटर वर सरकतो आणि कललेल्या होडीला सरळ करणारा जोर तेवढा घटतो.

लांबीच्या दिशेतला हिशेब याहून बोचरा आहे. लाटेवर होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर-खाली होते तेव्हा टोकांवरचं वजन तिची हालचाल जड करतं, आणि हा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो. मध्यापासून एक मीटरवर ठेवलेल्या बॅटऱ्यांचा जो त्रास, त्याच्या सोळा पट त्रास चार मीटर पुढे नाळेत ठेवलेल्या त्याच बॅटऱ्यांचा. अशी होडी लाटेवर चढायच्या ऐवजी लाटेत नाक खुपसते, वेग गमावते आणि आत झोपलेल्यांना उडवते. म्हणून पहिला नियम: जागा पठाणाच्या, म्हणजे होडीच्या तळकण्याच्या, शक्य तितक्या जवळ आणि लांबीच्या मध्याला.

पाणी: पण इतकं खाली नको

इथेच पहिला पेच पडतो. सर्वांत खालची, सर्वांत मधली जागा म्हणजे बिल्ज, आणि होडीत शिरलेलं पाणी पहिल्यांदा तिथेच येतं. डोलकाठीवाटे उतरणारं पावसाचं पाणी, प्रोपेलरच्या शाफ्टशी झिरपणारं पाणी, फुटलेल्या नळीचं पाणी, सगळं तिथेच.

बॅटरीवर खारं पाणी चढलं की दोन गोष्टी होतात. टर्मिनलांमधून पाण्यात वीज वाहू लागते, तांबं आणि पितळ काही तासांत खाल्लं जातं आणि बॅटरी रिकामी होते. त्याहून वाईट म्हणजे खाऱ्या पाण्यातून वीज गेली की, किंवा ते पाणी बॅटरीतल्या सल्फ्युरिक ॲसिडपर्यंत पोचलं की, क्लोरिन वायू तयार होऊ शकतो. पाणबुड्यांच्या खलाशांना ही धास्ती शतकभर ठाऊक आहे. बंद केबिनमध्ये तो वायू थोडा असला तरी श्वासाला घातक ठरतो.

शिवाय होडी सरळ उभी असताना बिल्जमध्ये दिसणारी पाण्याची पातळी फसवी असते. शिडाखाली होडी २५ अंश झुकली की तेच पाणी तळ सोडून बाजूच्या भिंतीवर चढतं, आणि बाकाखालच्या 'कोरड्या' खणात पोचतं. म्हणून जागा तपासताना होडी दोन्ही बाजूंना झुकलेली कल्पून पाणी कुठे जाईल ते पाहावं. बॅटरीचा तळ त्या पातळीच्या वर हवा. बिल्जमध्येच ठेवायची असेल तर पठाणावर चौथरा बांधून, सीलबंद प्रकारची बॅटरी घेऊन आणि खाली स्वतंत्र पाणीसूचक घंटा लावून.

याला एक पूरक नियम आहे: सगळी वीज एका पातळीवर ठेवू नये. घरगुती गरजेचा मोठा संच खाली असू दे, पण इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी आणि शक्यतो त्याहून वर असावी. आणि रेडिओ व जीपीएस यांना काही तास चालवेल अशी एक छोटी सीलबंद बॅटरी केबिनच्या वरच्या भागात ठेवावी. ती पाच-सात किलोंची असल्यामुळे वजनाचा प्रश्न येत नाही. खाली पाणी भरत असताना मदतीची हाक देण्याचं काम ती करते.

उष्णता: इंजिनाची ऊब नको

इंजिनाची खोली पहिल्या नजरेत सोयीची वाटते. तिथे तारा आखूड होतात, जागा असते आणि तेल-काजळीच्या त्या खोलीत एक काळा खोका सहज खपून जातो. पण शिशाच्या बॅटरीचं आयुष्य तापमानाच्या प्रत्येक दहा अंश वाढीमागे ढोबळमानाने निम्मं होतं. इंजिन रोज तास-दोन तास चाललं तरी बंद खोलीतली ऊब त्यानंतर बराच वेळ टिकते. सतत ४५ अंशांत राहणारी बॅटरी ३० अंशांत राहणाऱ्या बॅटरीच्या जेमतेम एक तृतीयांश काळ टिकते.

कोकण किनाऱ्यावर हवा तापते, पण समुद्राचं पाणी वर्षातला बराच काळ २७ ते ३० अंशांच्या आसपास राहतं. त्यामुळे पाण्याखाली असलेल्या तळाला लागून असलेली जागा ही होडीतली सर्वांत थंड जागा. डेकखालचा खण मात्र एप्रिल-मेच्या उन्हात तापतो. म्हणजे थंडाव्याची गरज वजनाच्या गरजेशी जुळते. दोन्ही गोष्टी बॅटरीला खालीच ओढतात.

एक बारीक गोष्ट इथे विसरली जाते. चार्जिंगचा योग्य व्होल्टेज बॅटरीच्या तापमानानुसार बदलतो. बॅटरी थंड जागी आणि अल्टरनेटर गरम इंजिनावर असेल, तर चार्जरचा तापमानाचा सेन्सर बॅटरीला चिकटवलेला हवा. नाही तर चार्जर इंजिनाच्या उष्णतेवरून अंदाज बांधतो आणि बॅटरी कायम अर्धपोटी राहते.

वायू: बाहेर जायला वाट

पाणी भरायची बॅटरी पूर्ण चार्ज होत आली की तिच्यातल्या पाण्याचं विघटन होतं आणि हायड्रोजन व ऑक्सिजन निघतो. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेटू शकतो. किती लवकर तो तिथवर पोचतो? जादा चार्जच्या प्रत्येक अँपिअर-तासाला प्रत्येक सेलमधून साधारण ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. चार्जरचा रेग्युलेटर बिघडला आणि भरलेल्या बॅटरीत २० अँपिअर जात राहिले, तर सहा सेलमधून तासाला पन्नास लिटर. एक घनमीटरच्या बंद खणात ४ टक्के म्हणजे ४० लिटर. तासाभराच्या आत खण पेटण्याजोगा होतो.

फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमला 'सिंधुरक्षक' पाणबुडीवर आग लागून एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. बॅटरीच्या सदोष झडपेतून गळलेला हायड्रोजन हे तिचं कारण सांगितलं गेलं. हायड्रोजन हवेपेक्षा कितीतरी हलका असल्यामुळे खोक्याच्या वरच्या कडेला भोक आणि तिथून बाहेर जाणारी चढती नळी हवी. हवा आत यायची वाट खालून हवी. नळीला मध्येच बाक असेल तर तिथे वायू अडतो. आणि त्याच खणात स्विच, रिले, चार्जर किंवा साधा पंप, म्हणजे ठिणगी पाडू शकणारं काहीही, नको.

एजीएम आणि जेल प्रकारच्या सीलबंद बॅटऱ्यांत हे वायू आतच पुन्हा पाण्यात बदलतात. पण चार्जिंग हाताबाहेर गेलं तर त्यांचीही झडप उघडते. म्हणून त्यांना कमी हवा चालते, बंद पेटी चालत नाही. होडी उलटी झाली तरी ॲसिड सांडत नाही हा त्यांचा मोठा गुण. दूर समुद्रातल्या शर्यतींचे नियम नव्या होड्यांत सीलबंद बॅटरीचाच आग्रह धरतात, तो यामुळेच.

तारा: प्रत्येक मीटरचा कर

१२ व्होल्टच्या जगात अंतर महाग पडतं. नांगर उचलणारी मोटर १०० अँपिअर घेते असं धरू. बॅटरी मध्यावर आणि मोटर आठ मीटर पुढे, नाळेत. जाऊन-येऊन तार सोळा मीटर. ३५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत ०.८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, म्हणजे जवळजवळ सात टक्के. ७० चौरस मिलिमीटरची तार घेतली तर ०.४ व्होल्ट. पण अशा तारेच्या सोळा मीटरमध्ये नुसतं तांबं दहा किलो भरतं.

या कारणाने काही जण नांगराच्या मोटरसाठी वेगळी बॅटरी नाळेत ठेवतात. वजनाचा वर्गाचा हिशेब आठवला की हे टाळावंसं वाटतं. जाड तारेचं वजन होडीभर पसरतं, बॅटरीचं वजन एका टोकाला लोंबतं. शिवाय नांगर उचलताना इंजिन बहुधा चालू असतं, त्यामुळे व्होल्टेजची घसरण तितकी जाचत नाही.

बॅटरीच्या धन टर्मिनलपासून फ्यूजपर्यंतच्या तारेला कोणतंही संरक्षण नसतं. तिथे शॉर्ट झालं तर हजारो अँपिअर वाहतात आणि तार लाल होते. म्हणून अमेरिकी नौका-मानकं फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत मागतात. म्हणजे जागा निवडताना नुसत्या बॅटरीची नव्हे, तिच्याशेजारच्या फ्यूजची आणि मुख्य स्विचचीही जागा पाहायची. हायड्रोजन सोडणारी बॅटरी असेल तर हा फ्यूज खोक्याच्या बाहेर पण लगेच बाहेर हवा, आणि मुख्य स्विच अंधारात, धुरात, खोकं न उघडता हाताला लागला पाहिजे. अपवाद आपोआप चालणाऱ्या उपसा पंपाचा. त्याची तार मुख्य स्विचच्या आधीच, स्वतःच्या फ्यूजसह निघते. होडी बंद करून माणसं घरी गेली तरी पंप जागा राहायला हवा.

तारांचा आणखी एक उपद्रव डोळ्यांना दिसत नाही. १०० अँपिअर वाहणाऱ्या एकट्या तारेपासून एक मीटरवर २० मायक्रोटेस्लाचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कोकण किनाऱ्यावर होकायंत्राला दिशा देणारा पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग सुमारे ४० आहे. म्हणजे होकायंत्र पंचवीसेक अंशांनी चुकू शकतं. आता गंमत अशी, की ऑटोपायलटचा होकायंत्र-सेन्सरही होडीच्या मध्यावर, खाली, बाकाखालीच बसवतात, कारण तिथे हालचाल सर्वांत कमी असते. बॅटरीची आदर्श जागा आणि सेन्सरची आदर्श जागा एकच! उपाय दोन: सेन्सर दीड-दोन मीटर दूर न्यावा, आणि धन व ऋण तारा शेजारी-शेजारी बांधून न्याव्यात, म्हणजे दोघींची क्षेत्रं एकमेकींना खोडतात.

पट्टे: होडी उलटी झाली तर

२०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी 'थुरिया'तून निघाले. हीसुद्धा दिवाडीच्याच शिपयार्डमध्ये बांधलेली, बत्तीस फुटी होडी. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती उलटीपालटी झाली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. त्यांना उठताही येत नव्हतं. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली.

अशा क्षणी तीस किलोची सुटी बॅटरी केबिनमध्ये काय करील, याची कल्पना करवत नाही. मानकं सांगतात, की बॅटरीला कोणत्याही दिशेने साधारण ४० किलोच्या जोराने मिनिटभर ओढलं तरी ती इंचभराहून जास्त हलता कामा नये. किनाऱ्याजवळ फिरणाऱ्या होडीला हे पुरेसं आहे. महासागरात जाणाऱ्या होडीत मात्र खोका उलटा टांगला तरी झाकणासकट जागेवर राहील, अशीच बांधणी हवी. त्यासाठी पट्टे पातळ प्लायवूडला स्क्रूने नव्हे, होडीच्या आडव्या फळ्यांना आरपार बोल्टने घट्ट करायला हवेत. म्हणजे जिथे बोल्ट मारायला मजबूत लाकूड किंवा फायबरचा सांगाडाच नाही, ती जागा इतर सगळ्या कसोट्यांवर उत्तीर्ण झाली तरी बाद.

जागांची परीक्षा

आता या कसोट्यांवर ११ मीटर होडीतल्या नेहमीच्या जागा पाहू.

नाळेतल्या बिछान्याखाली: कोरडं असतं, पण वजन टोकाला जातं आणि तारा लांबतात. बाद.

कॉकपिटच्या मोठ्या खणात: हात सहज पोचतो, वायू बाहेर जातो. पण जागा मागे, वर आणि एका बाजूला. डेकच्या उन्हात तापते. शिवाय दोर, बादल्या, फेंडर यांच्यासोबत बॅटरी राहते. एखादी लोखंडी वस्तू टर्मिनलांवर आडवी पडली की शॉर्ट. फार तर इंजिन सुरू करायच्या एका बॅटरीपुरती, वेगळी भिंत घालून.

इंजिनाच्या खोलीत: तारा आखूड, बाकी सगळं वाईट. उष्णता, कंपन आणि डिझेलच्या नळ्यांची सोबत.

मागच्या बाजूच्या झोपायच्या बाकाखाली: बहुतेक कारखान्यांत बनलेल्या होड्यांत बॅटरी इथेच सापडते, कारण इंजिन जवळ असतं. एक-दोन बॅटऱ्यांना ठीक. १२० किलोंना नाही, कारण मग होडीची मागची बाजू बसते आणि कलही येतो.

जिन्याच्या पायऱ्यांखाली: मध्यरेषेवर, इंजिनाच्या पुढे, मध्याच्या थोडं मागे. पायरी उचलली की हात पोचतो. इंजिनापासून उष्णतारोधक भिंत आणि वरून दारातून येणाऱ्या लाटेच्या पाण्यापासून झाकण, एवढं केलं तर छोट्या होडीसाठी उत्तम.

बैठकीच्या बाकाखाली, मध्यरेषेकडच्या बाजूला: लांबीच्या मध्यावर, बिल्जच्या वर, थंड, उघडायला सोपी. थोडा कल येतो, तो समोरच्या बाकाखाली पाण्याची टाकी किंवा डब्यांचा साठा ठेवून मोडता येतो. सर्व गोष्टींचा मेळ घातला तर शिशाच्या मोठ्या संचासाठी बहुतेक होड्यांत हीच जागा पहिली येते.

तोल साधायला दोन बॅटऱ्या उजवीकडे आणि दोन डावीकडे ठेवायचा मोह इथे होतो. समांतर जोडलेल्या बॅटऱ्यांना तो मानवत नाही. एका बाजूची तार लांब पडली किंवा एक बाजू उबदार असली, की एक जोडी जास्त राबते आणि आधी मरते. मेल्यावर दुसरीलाही ओढते. संच एकत्र, एकाच तापमानात आणि सारख्या लांबीच्या तारांनी जोडलेला असावा. कल मोडायचा तर तो दुसऱ्या वजनाने.

पठाणावर, बिल्जमधल्या चौथऱ्यावर: वजन आणि थंडाव्यासाठी सर्वोत्तम, पाण्यासाठी सर्वांत धोक्याची. खोल बिल्ज असलेल्या जुन्या धाटणीच्या होडीत विचार करण्याजोगी, सपाट तळाच्या आधुनिक होडीत नाही.

लिथियम आलं की

पंचवीस किलोंचा संच आला की वजनाची कसोटी सैल होते. ती सैल झाली की संच पाण्यापासून आणखी वर नेता येतो, हा लिथियमचा खरा फायदा. चार्ज होताना हायड्रोजन निघत नाही. लोह-फॉस्फेट प्रकार इतर लिथियम प्रकारांच्या मानाने पेट घ्यायला बराच नाखूश असतो.

पण नाखूश म्हणजे अशक्य नव्हे, आणि इतर लिथियम प्रकार तर त्याहून सहज पेटतात. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेच्या स्कूटरने पेट घेतला, ते दृश्य देशभर पाहिलं गेलं. देशात त्या काळात लागलेल्या अशा आगींनंतर एआयएस-१५६ हे बॅटरी-सुरक्षेचं मानक कडक झालं आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. मात्र ते मानक रस्त्यावरच्या वाहनांचं आहे. खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं बसणाऱ्या बॅटरीची हमी त्यातून मिळत नाही. स्कूटरमधून काढलेला संच होडीत घालणं म्हणून शहाणपणाचं नाही.

लिथियमच्या संचात बीएमएस नावाचा रखवालदार असतो. बॅटरीला धोका दिसला की तो क्षणात जोडणी तोडतो. इंजिन चालू असताना असं झालं तर जायला वाट न उरलेली वीज अल्टरनेटरचेच डायोड जाळते, आणि ऑटोपायलट ऐन लाटेत सुकाणू सोडतो. म्हणून लिथियमचा संच बसवला तरी इंजिनाची शिशाची बॅटरी वेगळीच राहावी, आणि बीएमएसचा इशारा देणारा दिवा सुकाणूवरच्या माणसाला दिसेल असा हवा. लिथियमलाही उष्णता सोसत नाही. इंजिनाची खोली त्यालाही बंदच.

ड्रिल हातात घेण्याआधी

आता सर्वांत शेवटी तपासली जाणारी, पण पहिल्याच दिवशी विचारायला हवी अशी गोष्ट: तिथे हात पोचतो का? पाणी भरायच्या बॅटरीला उष्ण हवेत महिन्यातून एकदा तरी पाहावं लागतं. झाकण उघडल्यावर वर हायड्रोमीटर धरायला वीत-दीड वीत मोकळी जागा हवी. दर काही वर्षांनी बॅटरी बाहेर काढावी लागते. एक साठ किलोची बॅटरी अरुंद केबिनमधून वाकून उचलणं माणसाच्या पाठीला परवडत नाही. त्यापेक्षा तीस किलोच्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या बऱ्या. जिथे पोचायला गाद्या, डबे आणि दोन फळ्या हलवाव्या लागतात, तिथली बॅटरी कुणी पाहत नाही, तिचे टर्मिनल हिरवे पडतात आणि ती बिघडलेली कळते ती रात्री दोनला, बंदराच्या तोंडाशी. म्हणून कागदावर थोडी कमी गुणांची पण हाताशी असलेली जागा ही नेहमीच जास्त गुणांच्या, गाडल्या गेलेल्या जागेपेक्षा सरस.

जागा मनात पक्की झाली की बॅटरीच्या मापाचे पुठ्ठ्याचे खोके करून तिथे ठेवून पाहावेत: झाकण लागतं का, पाना फिरतो का, तार वळते का. मग खोक्यांच्या जागी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या घट्ट बांधाव्यात आणि एक शनिवार-रविवार होडी समुद्रात न्यावी. धक्क्याला सरळ उभी राहते का, लाटेवर नाळ मोकळी उठते का, होडी झुकल्यावर बिल्जचं पाणी पिशव्यांना भिजवतं का, दुपारी तिथला थर्मामीटर किती दाखवतो, हे सगळं पिशव्या फुकटात सांगतात. उत्तर पटलं नाही तर पिशव्या उचलून दुसऱ्या जागी न्यायला पाच मिनिटं लागतात. पहिलं भोक पाडायचं ते त्यानंतर.